मावशीने विचारायचे प्रश्न

३ मार्च

प्रिय चिमे,

रविवार संध्याकाळचं बूट पॉलिश तुला आठवतं का? मागच्या पायरीवर जुनं वर्तमानपत्र पसरून आपण दोघी बसायचो. डबी एक, ब्रश एक, आणि तुझा हट्ट असा की प्रत्येक जोडीतला डावा बूट तू करणार, उजवा मी. मी फुंकर घालघालून, फडकं फिरवून त्याचा आरसा करायची. तू दोन हात मारून "झालं" म्हणायचीस. एका सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टरांनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, "या दोघांचं आपसात भांडण झालंय का?" सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसलीस तू, पलीकडच्या रांगेतून.

तुझा निरोप आल्यापासून ती पायरी डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि आता एकदम एवढं मोठं मन केलंस. झालं गेलं विसरू म्हणतेस. छोटीला आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत प्रवेश मिळाला, तर सोमवार ते शुक्रवार ती माझ्याकडे राहील, तुझ्या लेकीची नोकरी आणि शाळा यांमधली धावाधाव वाचेल, आणि माझा भिंग्या तिचं गणित घेईल. "आजीची बहीण म्हणजे दुसरी आजीच" असंही लिहिलंस. वाचून मला आधी रडू आलं, मग हसू आलं.

चिमे, ते जमायचं नाही गं. जिना तीन मजल्यांचा, माझे गुडघे तुला माहीतच आहेत. त्यात डॉक्टर छातीतल्या झडपेबद्दल काहीतरी म्हणताहेत. घर दोन खोल्यांचं. भिंग्याही कामावरून दमून येतो. लहान मुलीची आबाळ होईल.

राग मानू नकोस. छोटीला माझा पापा.

तुझी ताई

११ मार्च

प्रिय चिमे,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण प्रत्येक ओळ तुझ्या आवाजात ऐकू आली. "ताई, गुडघ्यांची कारणं डॉक्टरला सांग, मला नको. दोन वर्षांपूर्वी तुझा लेक माझ्या नातीला बघून अनवाणी पळाला, आज तू पळतेस. तुमच्या घरात आम्ही कोण लागतो, ते एकदा लिहून कळव म्हणजे आम्हीही पायरी ओळखून राहू."

पत्र टेबलावरच होतं. भिंग्याने वाचलं. मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, "आई, मावशीला सांगून टाक. खरं ते सांग. नाहीतर ती छोटीला घेऊन सरळ दारात उभी राहील. तिला मी ओळखतो."

म्हणून हे लिहिते आहे, त्याच्या संमतीने. बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

त्या दिवसापासून सुरुवात करते. मी दवाखान्यात गेले होते, भिंग्या घरात एकटा होता. तू न कळवता आलीस, सहा वर्षांच्या छोटीला दारातच त्याच्या स्वाधीन केलंस आणि "तासाभरात येते रे" म्हणून बाजारात गेलीस. त्याने तुला थांबवायला तोंड उघडलं, तोवर तू जिना उतरली होतीस. त्याने दार सताड उघडं ठेवलं, समोरच्या नर्सबाईंची कडी वाजवली आणि त्यांना हात जोडून म्हणाला, "ही माझ्या मावशीची नात. मावशी येईपर्यंत हिच्याजवळ बसा, मला जावंच लागतंय." आणि चपला न घालता तो खाली उतरला. संध्याकाळपर्यंत तो काम करतो त्या चष्म्याच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसून होता. तू परत आलीस तर नात परक्या बाईबरोबर पत्ते खेळतेय आणि भाच्याचा पत्ता नाही. तू मला फोनवर म्हणालीस, "माझ्या नातीला काय रोग लागलाय, की तिच्याबरोबर तासभर बसवलं नाही त्याला?"

रोग तिला नव्हता, चिमे.

भिंग्याच्या मनाचा ओढा लहान मुलींकडे जातो. जसा जाऊ नये, तसा जातो. हे वाक्य लिहायला माझी सकाळ गेली. शाळेत आपल्याला टाक्यांचे प्रकार शिकवले, पत्राचा मायना शिकवला, पाहुण्यांसमोर कसं बसावं ते शिकवलं. हे कोणत्या शब्दांत सांगावं ते कुणी शिकवलं नाही. त्याने स्वतः मला सांगितलं तेव्हाही तो भिंतीकडे तोंड करून बोलला होता.

त्याने कुणालाही हात लावलेला नाही. तसली चित्रंही कधी पाहिली नाहीत, असं तो सांगतो. पण आपल्या मनात काय आहे हे कळल्यावर तो घाबरला. मरायचे विचार करू लागला. मग कुठेतरी वाचलं की, असं काही हातून घडण्याआधीच मदत मागणाऱ्यांसाठी एक फोन नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं. फोन उचलून ठेवायचा, उचलून ठेवायचा, असं किती दिवस चाललं देव जाणे. शेवटी बोलला. तेव्हापासून, म्हणजे गेली पाच वर्षं, तो दर आठवड्याला एका बाईंकडे जातो. मानसोपचार करतात त्या. लाँड्रीच्या वर त्यांची खोली आहे, जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा वास येतो.

तू विचारायचीस ना, एवढा गोड बोलणारा मुलगा, दुकानाच्या काउंटरवरून मागच्या खोलीत का गेला? काउंटरवर लहान मुलं येतात, चष्म्याचं माप द्यायला. समोर बसवून, हनुवटी धरून फ्रेम लावून बघावी लागते. त्याने मालकांकडे जाऊन मागची खोली मागून घेतली. आता तो दिवसभर भिंगं घासतो आणि गरम वाळूच्या पेटीत फ्रेमच्या काड्या वाकवतो. पगार घटला. तू तेव्हा म्हणाली होतीस, "अंगात धमक नाही, बापावर गेलाय." मी ऐकून घेतलं. भिंगाने वाळकी पानं जाळत बसायचा म्हणून तूच त्याला भिंग्या नाव ठेवलंस; तुझ्या लाडक्या भाच्याबद्दल तुला काय सांगणार होते?

आता माहीत झालं. छोटी आमच्याकडे का राहू शकत नाही, तेही.

तुझी ताई

१९ मार्च

प्रिय चिमे,

तू लिहिलंस ते सगळं वाचलं. मधलं अर्धं पान तू फाडून टाकलंयस, त्यात काय असेल तेही मला कळतं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते.

मी त्याला जेवायला वाढते का? हो. त्याच्याबरोबर जेवते.

मला त्याची दया येते, मग तुझ्या नातीची दया कोण करणार? चिमे, त्या लाँड्रीवरच्या खोलीत चालतं ते सगळं तुझ्या नातीसाठीच चालतं. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी. बाईंनी मला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं होतं, "आई, माझी पहिली बांधिलकी मुलांशी. कुठल्या मुलाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. हे तुमच्या मुलाला ठाऊक आहे आणि त्याला ते मान्य आहे." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्या तशा नसत्या तर मी त्याला तिथे पाठवलंच नसतं.

तो बरा होणार का? मीही हेच विचारलं होतं. ओढा जाईलच असं नाही, म्हणाल्या. पण ओढा असणं आणि तसं वागणं यांत अंतर आहे, ते कायम राखता येतं, आणि राखायला शिकवता येतं. भिंग्याने घरी येऊन ते आपल्या भाषेत सांगितलं, "आई, चष्म्याने डोळा बरा होत नाही. माणूस गाडीखाली येत नाही, एवढंच." वर हसला. मला हसू आलं नाही, पण तो बऱ्याच महिन्यांनी हसला होता.

आता तू जे विचारलं नाहीस, पण रात्रंदिवस ज्याचा विचार करत असशील, ते. छोटीला त्याने कधी काही केलं असेल का? तो नाही म्हणतो, आणि माझा विश्वास आहे. पण मी आई आहे. तू माझ्या शब्दावर जाऊ नकोस. छोटीलाच विचार. बाईंना विचारून लिहिते: तिला समोर बसवून, तोंड पाडून विचारू नकोस. भाजी निवडताना, केस विंचरताना विचार. त्याचं नाव घेऊ नकोस. "कुणी तुला नकोसं वाटेल असं काही केलं का? कुणी काही गुपित ठेवायला सांगितलं का?" एवढंच. ती जे बोलेल ते ऐकून घे, रागावू नकोस, "खरंच का?" असंही म्हणू नकोस. आणि ती काही बोलली, तर मला कळवण्याआधी जिथे कळवायला हवं तिथे कळव. माझी भीड धरू नकोस.

तुझ्या लेकीलाही सांग. मला वाटत होतं, तिच्यापासून लपवावं, ती किती तापट आहे. भिंग्या म्हणाला, "आई, मुलगी तिची आहे. तिला माहीत नसेल तर ती सावध कशी राहणार?"

उत्तर दिलंस तर दे.

ताई

४ एप्रिल

प्रिय चिमे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दार लावून घेतलं आणि मग उघडलं.

छोटीने "नाही गं आजी" म्हणत वेणीला लवकर रबर लाव म्हणून ओरडा केला, हे वाचून मी किती वेळ डोळे मिटून बसले. तुझी लेक दोन दिवस कुणाशी बोलली नाही, हेही वाचलं. आणि तिसऱ्या दिवशी ती भांडी घासता घासता म्हणाली, "आई, त्याने त्या दिवशी नर्सबाईंना बोलावलं नसतं, तर? तू त्याला शिव्या घालत होतीस आणि तो आपल्या छोटीला जपत होता." ती वाक्यं मी भिंग्याला वाचून दाखवली. तो उठून गॅलरीत गेला. मी मागून गेले नाही.

ती म्हणते छोटीला त्याच्या घरी कधीच पाठवणार नाही. बरोबर आहे. तोही तेच म्हणतो.

आता एक मागणं आहे. नाही म्हणालीस तरी मी समजेन.

माझं ऑपरेशन ठरलंय, छातीचं. झडप बदलायची आहे. डॉक्टर तरुण आहेत आणि फार हसतात, त्यामुळे मला त्यांची भीती वाटते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. जमेल म्हणतात, पण नक्की कोण सांगणार.

बाईंची एक पद्धत आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची बाहेर दोन माणसं असावी लागतात, ज्यांना सगळं माहीत आहे. दर आठवड्याला त्या माणसांनी त्याला सरळ प्रश्न विचारायचे. या आठवड्यात कुठल्या मुलांच्या आसपास होतास? कुठला रस्ता टाळायचा ठरला होता आणि टाळला नाहीस? बाईंना सांगायचं टाळलंस असं काय आहे? आणि जेवण कुणाबरोबर केलंस? शेवटचा प्रश्न मला आधी विचित्र वाटला. पण बाई म्हणतात, असा माणूस तोंड लपवून एकटा पडला, की धोका वाढतो. त्याला वाळीत टाकून कुठलंच मूल जास्त सुरक्षित होत नाही.

त्याच्या दोन माणसांत एक दुकानाचे मालक. भिंग्याने त्यांना सांगितलं त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मागच्या खोलीचं दार उघडं राहील. आणि पाचचा चहा आपण दोघांनी घ्यायचा." दर सोमवारी ते विचारतात. दुसरी मी. बुधवारी.

आणि चिमे, मी नापास झाले.

गेल्या महिन्यात बाईंनी मला त्यांच्यासमोर भिंग्याला विचारायला लावलं. मी विचारलं, "सगळं ठीक होतं ना रे या आठवड्यात? त्या शाळेच्या रस्त्याने नाही ना गेलास?" भिंग्या म्हणाला, "नाही." बाई म्हणाल्या, "आई, तुम्ही प्रश्न विचारत नाही. तुम्ही त्याला उत्तर पुरवता." मी म्हटलं, "पण तो दमलेला दिसतो हो." त्या म्हणाल्या, "बघा, आता त्याच्या वतीने उत्तरही तुम्हीच दिलंत." मग त्यांनी स्वतः विचारलं. तेव्हा कळलं, मंगळवारी नेहमीचा रस्ता खोदला होता म्हणून तो शाळेच्या फाटकावरून गेला होता, सुट्टीच्या वेळी, आणि त्याने ते मला सांगितलं नव्हतं. काही केलं नव्हतं. पण सांगितलं नव्हतं. कारण मी "नाही ना?" असं विचारत होते, आणि माझा चेहरा बघून त्याला "नाही" म्हणणंच भाग होतं.

वर्षानुवर्षं मी त्याला असंच विचारत आलेय. तू मात्र कधी तसं विचारलं नाहीस. शाळेत सगळ्यांसमोर सिस्टरांना "तुम्ही चुकलात" म्हणणारी तूच. लग्नाच्या बोलण्यात माझ्या नवऱ्याला "तुम्ही दारू पिता का, आणि पीत असाल तर किती?" विचारणारीही तूच; बिचाऱ्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला होता.

दुसरं माणूस तू होशील का? त्याला माफ कर असं नाही म्हणत. माफ करण्यासारखं त्याने काही केलेलं नाही, आणि लाड करायला मी आहेच. तू फक्त विचार.

तुझी ताई

१६ एप्रिल

प्रिय चिमे,

काल फोन वाजला आणि तू माझ्याशी एक शब्द न बोलता "भिंग्याला दे" म्हणालीस. मी दिला आणि तुझ्याच हुकमावरून स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मी ऐकलं नाही. पण नंतर त्याने सगळं सांगितलं, तुझ्या आवाजाची नक्कल करून.

"मावशी म्हणाली, 'भिंग्या, खोटं बोललास तर मला कळेल. लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतोस.' मी म्हटलं, 'मावशी, फोनवर कान दिसत नाही.' तर म्हणते, 'म्हणूनच विचारतेय, दुसरा हात कुठाय?' मी म्हटलं, 'टेबलावर.' 'तिथेच राहू दे. आता बोल, या आठवड्यात कुठे होतास आणि तिथे कोण मुलं होती?'"

मग त्याने सांगितलं. मालकांची लहान भाची दुकानात आली होती, चुकून मागच्या खोलीत शिरली. तो लगेच उठून पुढे आला आणि मालकांना हाक मारली. मनात काय आलं, तेही तू विचारलंस, म्हणे. मी तो प्रश्न आयुष्यात विचारू शकले नसते. त्याने तेही सांगितलं. तू म्हणालीस, "हे बाईंना सांगितलंस का?" "उद्या सांगणार." "उद्या नको. फोन ठेवला की लगेच कळव." आणि मग, "जेवलास का? कुणाबरोबर?"

फोन ठेवल्यावर त्याने बाईंना निरोप पाठवला. मग येऊन म्हणाला, "आई, मावशी फार वाईट विचारते." असं म्हणून त्याने आमटी पुन्हा वाढून घेतली. इतक्या वर्षांत त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलेलं मला आठवत नाही.

तू पुढच्या बुधवारी पुन्हा करशील की नाही, ते बोलली नाहीस. त्याला वाटतं, नाही करणार. म्हणतो, "एकदा ऐकलं, पुरे झालं असेल तिला." मी काही बोलले नाही. मी उत्तर पुरवणं सोडायचा प्रयत्न करतेय.

ताई

२३ एप्रिल

प्रिय चिमे,

काल पुन्हा फोन वाजला. आठ वाजता. तो फोनपाशीच बसला होता आणि बसला नाहीये असं दाखवत होता.

परवा मला दाखल व्हायचंय. सगळं नीट होईल असं धरून चालू, पण हाताशी वेळ आहे तोवर कुणाला काय द्यायचं ते सांगून ठेवते. वकिलाचं काम नाही, तुझं आहे.

शिवणयंत्र तुझ्या लेकीला. पायाचा पट्टा नवीन घातलाय, सुई मात्र तिने बदलावी. तिला माझ्या वतीने सांग की, छोटीला दूर ठेवण्याचा निर्णय तिचा आहे आणि तो बरोबर आहे; त्याबद्दल तिने कुणाचीही क्षमा मागायची गरज नाही, भिंग्याची तर मुळीच नाही.

छोटीला माझी भरतकामाची पेटी, रेशमी लडींसकट. ती तुझ्या हातून दे, भिंग्याच्या हातून नको. मामाने त्या दिवशी तिला का सोडून दिलं असं तिने विचारलं, तर तिच्या आईला बोलू दे. बाई म्हणतात, तिला एवढंच पुरेल: मोठ्या माणसांनी काही नियम ठरवलेत, ते तिच्या चुकीमुळे नाहीत. आणि कुणीही, अगदी घरातलाही, नकोसं वागला तर लगेच सांगायचं. हे तिला दर महिन्याला सांगत राहा. मलाही कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो विषय पुन्हा कधी.

समोरच्या नर्सबाईंना माझी लोकरीची शाल. त्यांना काही सांगू नकोस, त्यांनी कधी विचारलं नाही. एवढंच सांग की, त्या दिवशी त्यांनी दार उघडलं हे मी विसरले नाही.

दुकानाच्या मालकांना काही नको असेल. तरी कपाटातला चहाचा चांगला संच त्यांना दे. फुटके कप ते कुठवर वापरणार.

लाँड्रीवरच्या बाईंना माझं पत्र मी स्वतः दिलंय. तुझा नंबर त्यांच्याकडे आहे. त्या तुला भेटायला बोलावतील, जा. त्या तुलाही नापास करायला बघतील, पण जमणार नाही त्यांना.

घर भिंग्याला नको. ते विकून त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घ्यायची ठरवलंय, तिथे जवळ शाळा नाही आणि मैदान नाही. त्याचं मन दुखलं तर दुखू दे, ठरलेलं बदलू देऊ नकोस. तुझ्या घरी त्याला जेवायला बोलाव, छोटी नसेल त्या दिवशी, आणि दाराशी उभं राहून नाही, आत बसवून वाढ. तो ताटातलं उरवेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

मला काही झालं तर लोक भेटायला येतील, रडारड होईल, तुझा आवाज बसेल. तरी बुधवार बुधवारच राहील. पुढचा बुधवार माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी येतोय. आठ वाजता तू फोन करशील तेव्हा तुझ्या तोंडून आधी "ताई कशी आहे?" येईल, मला माहीत आहे. ते विचारू नकोस. एकदा माझ्यावर बोलणं गेलं, की तो माझ्या आडोशाला जाऊन बसेल आणि रात्र तशीच निघून जाईल. आधी त्याला त्याचे सगळे प्रश्न विचार, एकही गाळू नकोस. मी आहे की नाही ते त्यानंतर विचार.

तुझी,
ताई